हरण्यासाठी ठेवलेला आवाज

डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं आणि त्यावर पेनाने आडवी रेघ ओढली. एवढा भाग काढावा लागेल, म्हणाले. मग श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून. जेवण तोंडाने. बोलणं बंद.

"पुन्हा येणार न्हाई का आवाज?" वैजनाथने विचारलं. वैजनाथ माझा मुलगा.

"आवाजाची पेटीच काढतोय आपण. नंतर गळ्याला लावायचं एक यंत्र मिळतं, त्याने बोलता येतं. पण तो आवाज यंत्राचा."

दिवाळी झाली की यायचं ठरलं. हातात अठरा दिवस होते.

नांदेडहून परतताना वैजनाथ गप्प होता. एरवी तो गोरेगाव ते सेनगाव जीप चालवतो आणि दिवसभर प्रवाशांशी बोलून त्याचं तोंड दुखत नाही. गोरेगावला उतरल्यावर म्हणाला, "बापू, जीव वाचून राहिला, हे बघा. बोलून बोलून काय करायचं असतं माणसाला?"

मी व्हय म्हणालो. त्याला वाटलं, मी स्वतःचा विचार करतोय. मी हरण्याचा करत होतो.

हरण्या आमचा बैल. लालकंधारी, अंगाने तांबडा, वय तेरा. चार वर्षांमागे त्याच्या उजव्या डोळ्यात जंत झाला. जनावरांचे डॉक्टर येऊन औषध घालेपर्यंत डोळा पांढरा पडला होता. पुढच्या पावसाळ्यात डावाही गेला. त्याच सुमारास नाकात वेसणीची जखम चिघळून अळ्या पडल्या, म्हणून मी वेसण कापून काढली. जखम भरली, तरी पुन्हा घातली नाही. त्याला हाकायला मला तोंड पुरत होतं.

जनावराजवळ जायची माझी रीत साधी आहे. समोरून जायचं नाही, मागूनही नाही, खांद्याच्या बाजूने जायचं. हात लावण्याआधी बोलायचं. आवाज चढवायचा नाही. काठी तर मी तरुणपणीच सोडली. हरण्याचे डोळे गेले तेव्हा मी त्याला सहा शब्द शिकवले. चल म्हटलं की चालायचं, हो म्हटलं की थांबायचं. वळ म्हणजे माझ्या आवाजाकडे वळायचं. पाणी म्हणजे पुढे ओलं आहे. पाय म्हणजे पुढे दगड, नाली नाहीतर उंबरा आहे, पाय उचलून टाक. आणि ये म्हटलं की यायचं, थेट माझ्या छातीला कपाळ टेकेपर्यंत. मग मी शिंगाच्या मुळाशी खाजवायचो आणि तो मान खाली सोडून उभा राहायचा.

एका बैलाचा छकडा होता आमचा. शेतातून वैरण आणायची, शेण टाकायचं, पाण्याचा ड्रम न्यायचा, हे सगळं हरण्या करायचा. लोक रस्त्यात थांबून बघायचे. शेजारचा शिवशंकर म्हणायचा, "ग्यानबा, घरात इतकं हळू बोलला असता तर शालूबाईनं तुला डोक्यावर घेतलं असतं." मला ते सगळं आवडायचं. खरं सांगायचं तर म्हणूनच मी पुढे पुढे कासरासुद्धा लावेनासा झालो. नुसत्या दोरीच्या इशाऱ्यावर चालायची त्याची सवय ठेवली असती तर घरात कुणीही त्याला हाकलं असतं. पण दोरीने बैल तर सगळेच हाकतात, असं मला वाटायचं.

घरी आल्यावर वैजनाथ स्पष्ट बोलला. रागाने नाही. "बापू, तुमच्या माघारी त्याच्याजवळ जायचं कोणी? मी दिवसभर गाडीवर. आईचे गुडघे असे. वेसण न्हाई, डोळे न्हाई. कोणाचं ऐकला तर ठेवू. न्हाई ऐकला तर काहीतरी बघावं लागल."

"काय बघशील?"

त्याने जीपची किल्ली खुंटीला अडकवली.

"मी शिकते," संगिता म्हणाली. ती वैजनाथची बायको, आमची सून. हळदीच्या शेतात चार बायांचं काम एकटी करते. "मामा, अठरा दिवस बास झाले. मी स्कुटी तीन दिवसांत शिकले."

"स्कुटीला ब्रेक असतो," वैजनाथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू केलं. मी हरण्याच्या डाव्या खांद्याशी, माझ्या शेजारी संगिता. ती म्हणाली, "चल." हरण्याने कान मागे केला आणि उभाच राहिला. मी म्हणालो तर चालला. माझा आवाज तेव्हा आधीच घोगरा झालेला होता, म्हणून संगिता घसा दाबून घोगरं बोलायला लागली. ओट्यावर बसलेली माझी बायको शालूबाई हसून हसून खोकायला लागली. म्हणाली, "अगं, सासऱ्याची नक्कल करून राहिलीस का? अजून थोडं खाकर, मंग बराबर जमल."

सहाव्या दिवशी हरण्या संगिताच्या आवाजावर चालला. थांबला. वळला. मी दोन पावलं मागे सरकलो, मग पाच. तरी तो तिचं ऐकत होता. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

दहाव्या दिवशी मी त्यांना सोडून विहिरीपाशी जाऊन उभा राहिलो. वारा हरण्याकडून माझ्याकडे येत होता. संगिता चल म्हणाली. हरण्या दगडासारखा उभा. पुन्हा म्हणाली. त्याने मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली, नाकाने वारा ओढला. मग एकाएकी निघाला तो सरळ काटेरी कुंपणात. मी पळत जाऊन हो म्हणालो तेव्हा थांबला. छाती काट्यांनी फाटली होती. इतके दिवस तो संगिताचं ऐकतच नव्हता. मी मागे असायचो, माझा श्वास वाजायचा, मधेच खोकायचो, त्या भरवशावर तो पाऊल टाकत होता.

संगिताने त्याच्या छातीतला एक एक काटा काढला. मी त्याच्या कानाशी बोलत राहिलो, नाहीतर त्याने तिला काढू दिले नसते. तिला वाईट वाटलं होतं. "माझंच काहीतरी चुकून राहिलं," ती म्हणाली. तिचं काही चुकत नव्हतं. त्याला शब्द ठाऊकच नव्हते. त्याला मी ठाऊक होतो.

मोबाइलची कल्पना वैजनाथची. चहा पिता पिता म्हणाला, "बापूचा आवाजच ठेवून घेऊ ना. गाडीत मी सगळी गाणी ह्याच्यातच ठेवतो."

संगिताने तिच्या व्हॉट्सॲपवर माझे सहा शब्द एकाखाली एक ठेवले. मी गोठ्यात हरण्याशेजारी उभा राहून एक एक शब्द बोललो. चल, हो, वळ, पाणी, पाय. शेवटचा ये. तो बोलताना मी विसरूनच गेलो की समोर मोबाइल आहे. हरण्याने कान टवकारले आणि मी बोलतच राहिलो, ये, ये बाबा, ये, असा इकडे, ये. संगिताने ते तसंच ठेवलं.

शालूबाई म्हणाली, "बैलासाठी सहा शब्द ठेवले. बायकोसाठी एकबी न्हाई."

"तुला काय ठेवू?" मी म्हणालो. "तू कधी ऐकलंस का माझं?"

सगळे हसले. ती पण हसली. नंतर ते राहूनच गेलं.

मोबाइलवर हरण्या पहिल्याच दिवशी चालला. मी मुद्दाम लांब, शिवशंकरच्या शेतात जाऊन बसलो होतो. संगिता त्याच्या खांद्याशी मोबाइल धरून चालत होती आणि माझ्या आवाजावर आमचा बैल नाली ओलांडत होता. एवढंच होतं की एक शब्द वाजला की पुढचा आपोआप वाजायचा, म्हणून ती लगेच अंगठ्याने बंद करायची. तिचा हात त्यात बसला. मी नांदेडला गेलो तो हलक्या मनाने गेलो. कोणी विचारलं असतं तर आवाज घरी ठेवून आलोय असं सांगितलं असतं.

ऑपरेशन झालं, पुढे महिनाभर रेडिएशनचा शेक दिला. मी पाटीवर लिहून बोलायला लागलो. चाळिशीनंतर रात्रीच्या वर्गात शिकलेली अक्षरं आहेत, हळू उमटतात, पण वैजनाथला आणि नर्सबाईला वाचता यायची. शालूबाईला वाचता येत नाही. तिच्याशी हातवारे. एक दिवस संगिताने मोबाइलवर हरण्या दाखवला. छकड्याला जुंपलेला, वैरणीने लादलेला. माझा आवाज म्हणाला, पाय. हरण्याने पाय उचलला. मी पलंगावर पडून ते तीनदा बघितलं. शेजारच्या पलंगावरच्या माणसाने खुणेनेच विचारलं, कोण बोलतोय. मी माझ्याकडे बोट केलं. त्याला पटलं नाही.

संक्रांत झाल्यावर घरी आलो. जीपमधून उतरून आधी गोठ्यात गेलो.

खांद्याच्या बाजूने गेलो, नेहमीसारखा. हात लावण्याआधी बोलायचं, तर बोलता येत नव्हतं. गळ्याच्या भोकातून श्वास आत-बाहेर होताना फुस्स फुस्स असा आवाज येतो. चालून दम लागला की जास्तच. हरण्याने तो ऐकला आणि अंग चोरलं. मी हात पुढे केला. अंगाला दवाखान्याचा वास होता, गळ्याला मलम होतं. त्याने नाक फेंदारलं, दाव्याला हिसका दिला आणि मागच्या भिंतीवर आदळला. सापाजवळून बैल जसा सरतो तसा. मी जितका घाबरलो तितका श्वास वाजायला लागला, आणि जितका श्वास वाजला तितका तो थरथरायला लागला. मी बाहेर आलो.

"होईल सवय," वैजनाथ म्हणाला.

मी रोज जायचो. गोठ्याच्या दारात बसून राहायचो, लांब. आठ दिवसांनी तो मी बसलेलो असताना चारा खायला लागला. पण उठून एक पाऊल टाकलं की खाणं थांबायचं. तेवढ्यात संगिता यायची, मोबाइल लावायची, आणि माझा आवाज ऐकताच त्याची मान खाली यायची. मी तिथेच बसलेला असायचो.

एके दिवशी दुपारी संगिता शेतातून कडबा घेऊन आली. छकडा बाहेर सोडला. हरण्याला गोठ्यात घ्यायचं होतं आणि डोक्यावर कडब्याची पेंढी होती. दारापुढच्या नालीशी तिने मोबाइलवर पाय हा शब्द लावला. हरण्याने नाली ओलांडली. पेंढी घसरायला लागली म्हणून तिने मोबाइल तसाच कमरेला खोचला आणि दोन्ही हातांनी पेंढी धरली. पायच्या पुढचा शब्द ये होता.

मी घराच्या दारातून बघत होतो. हरण्या वळला. ये, ये बाबा, असा इकडे, ये. तो मोठ्या आनंदाने गेला. कपाळ टेकवायला छाती शोधत गेला. ती मागे सरली तर मागे दगडी भिंत. पेंढी खाली पडली. हरण्याचं कपाळ तिच्या छातीला लागलं आणि तो आवाज कमरेतून येत होता म्हणून त्याने डोकं खाली दाबून घासायला सुरुवात केली. चार-साडेचार क्विंटलचं जनावर. त्याच्यात राग काहीच नव्हता. तो मला शोधत होता. संगिता "मामा" म्हणाली, मग तिचा आवाज निघेना.

मला फक्त हो म्हणायचं होतं.

मी तोंड उघडलं. गळ्यातून हवा गेली. मी जाऊन त्याची म्होरकी ओढली, पण माझ्यात जोर कुठला? फुस्स आवाजाने तो बिथरला आणि अजून पुढे घुसला, कारण पुढे माझा आवाज होता. गोठ्याच्या दाराशी कुंपणाचा एक दांडा पडलेला होता. तो उचलून मी त्याच्या तोंडावर मारला. नाकावर मारला. किती वेळा ते सांगता येणार नाही. तो मागे सरला, नालीत पाय जाऊन गुडघ्यावर पडला, उठला, आणि अंगणाच्या मधोमध उभा राहून सगळीकडे तोंड फिरवत राहिला. नाकातून रक्त येत होतं. मोबाइल अजून ये म्हणत होता.

संगिताच्या तीन बरगड्या मोडल्या. हिंगोलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसाला लागलं नाही हे नशीब.

घरी आल्यावर ती खाटेवर उशीला टेकून बसली आणि वैजनाथला म्हणाली, "त्याची चूक न्हाई त्याच्यात. मी मोबाइल बंद केला न्हाई. मामाला काही बोलू नका."

"मी काहून बोलू?" वैजनाथ म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पण बापू, आता न्हाई."

मी पाटीवर लिहिलं, वेसण घालू. कासऱ्यावर शिकवू.

त्याने वाचलं. "कोण शिकवल? तुमी? तुमी जवळ गेले तर तो भिंतीला जातो. आता तर काठी बी माहीत झाली त्याला."

ते खरं होतं. त्या दिवसापासून गोठ्याच्या दारात सावली पडायच्या आधीच हरण्या डोकं खाली धरून थरथरायचा. शिवशंकर पाणी ठेवायला गेला तर त्याच्या अंगावर आला. मग काठीला बादली अडकवून लांबून पाणी सरकवायला लागले. दोन गोशाळांना वैजनाथने फोन केले. जागा नाही म्हणाले. एकाने आंधळा आहे म्हटल्यावर फोन ठेवला.

मग एक जण पिकअप घेऊन आला. वाशीमकडं कुठे तेलाचा लाकडी घाणा टाकलाय, तिथे बैल पाहिजे म्हणाला. "घाण्याला डोळे लागत न्हाईत, काका. आमी डोळे असणाऱ्याला बी झापड बांधतो. ह्याला तर बांधायची बी गरज न्हाई."

मी पाटीवर लिहिलं, घाणा कोणत्या गावात? त्याने पाटी हातात घेतली, बघितली आणि वैजनाथला म्हणाला, "काय म्हणतात?" वैजनाथने सांगितलं. त्याने एक गाव सांगितलं. ते गाव कुठे आहे ते वैजनाथलाही ठाऊक नव्हतं, आणि तो रोज रस्त्यावर असतो. माणूस बोलायला चांगला होता. खरं बोलत असेल, असं मी त्या दिवशी धरून चाललो. अजून दुसरं काही धरायला नव्हतं.

त्याच्याबरोबर दोघे जण होते, दोर आणि काठ्या घेऊन. पिकअपला मागे फळी लावली. त्यांनी हरण्याच्या शिंगांना दोर टाकला आणि तो उधळला. एकाला त्याने खांबावर दाबलं. दुसऱ्याने शेपटी पिरगाळली. हरण्या पाय रोवून बसला, जीभ बाहेर आली. पहिल्याने काठी उचलली.

मी मधे गेलो. पाटीवर लिहिलं, थांबा. मग घरात जाऊन संगितासमोर हात पुढे केला. तिला कळलं. तिने उशीखालचा मोबाइल घट्ट धरला.

"मामा, नका," ती म्हणाली. "ह्या आवाजानं नका नेऊ त्याला."

शालूबाई दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि तोंड फिरवलं.

मी हात पुढे धरूनच उभा राहिलो. माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या. मार खात, शेपटी मोडून घेत तो वर चढणार, नाहीतर माझा आवाज ऐकत. आयुष्यभर मी जनावराशी खोटं बोललो नव्हतो. म्हणून तर जनावरं माझं ऐकायची. शेवटी संगिताने मोबाइल दिला.

वैजनाथला मी माणसांना लांब करायला लावलं. दोर सैल सोडायला लावला. मोबाइल त्याच्याच हातात दिला आणि मी मागे झालो, माझा वास त्याला जाणार नाही अशा बाजूला. वैजनाथ हरण्याच्या खांद्याशी गेला. चल, माझा आवाज म्हणाला. हरण्या उठून उभा राहिला. त्याचं थरथरणं बघता बघता थांबलं. चल. तो चालला. फळीशी वैजनाथने पाय हा शब्द लावला. हरण्याने पुढचा पाय उचलला, फळी चाचपली, दुसरा ठेवला. वर गेला. वैजनाथ केबिनच्या जाळीशी उभा राहिला आणि ये लावलं. हरण्याने पुढे होऊन जाळीच्या लोखंडाला कपाळ टेकवलं आणि मान सोडली.

"असा शांत बैल मी पाहिला न्हाई, काका," पिकअपवाला म्हणाला.

वैजनाथ बाजूने खाली उतरला. त्यांनी मागची फळी आत घेतली, दार लावलं, दोर बांधला. हरण्या तसाच होता, खाजवण्याची वाट बघत. मी दहा-बारा पावलांवर होतो आणि माझा श्वास वाजायला लागला होता. त्याने एक कान माझ्याकडे वळवला. मी उपरणं गोळा करून गळ्याच्या भोकावर दाबलं. आवाज बंद झाला. हवाही बंद झाली. गाडी सुरू व्हायला वेळ लागला, पहिल्यांदा झालीच नाही. वैजनाथने माझ्याकडे बघितलं आणि धावत आला, माझा हात ओढायला लागला. मी त्याला कोपराने ढकललं. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं होतं. गाडी शिवशंकरच्या घराच्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी हात काढला नाही.